हा लाँगचा निकाल माझ्याकडे

२५ फेब्रुवारी, रविवार

नवी वही काढली. कारणही तसंच गंभीर आहे.

आज जेवताना लुआने घोषणा केली. लुआ म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. हनोईच्या पार पलीकडच्या टोकाला नवऱ्याबरोबर राहते, दर रविवारी आमच्याकडे जेवते आणि दर रविवारी काहीतरी जाहीर करते. आजची घोषणा अशी की यंदाच्या महिला दिनाची भेट म्हणून ती आईला आणि मला हा लाँगच्या उपसागरात बोटीवर पाठवणार. दोन दिवस, एक रात्र, जेवणखाण बोटीवरच. माझा घास घशाखाली उतरायच्या आत मिएन हो म्हणून मोकळीही झाली. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई कुठल्याही गोष्टीला इतक्या लवकर हो म्हणालेली नाही. लग्नाला हो म्हणायला तिने दोन महिने घेतले होते.

मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, सगळे जातात म्हणून आपणही जायचं, तर माणसांत आणि बदकांत फरक काय? आधी ती जागा बघण्यालायक आहे का, ते ठरू दे. मी एकतीस वर्षं प्लॅस्टिकच्या चपलांच्या कारखान्यात क्वालिटी तपासनीस होतो. माझा शिक्का पडल्याशिवाय एक चप्पल गेटबाहेर गेली नाही. हा लाँगचीही रीतसर तपासणी होईल आणि निकाल मी देईन. तीन दिवसांत.

लुआ म्हणाली, बाबा, अहो सगळ्या जगातून लोक येतात तिथे. म्हटलं, म्हणूनच संशय येतो.

मिएन एवढंच म्हणाली की चौऱ्याऐंशी साली यांनी मला सांगितलं होतं, लग्न होऊ दे, पुढच्या वर्षी हा लाँगला नेतो.

सांगितलं होतं. नाकारत नाही. पण पंच्याऐंशीला सायकल चोरीला गेली, सत्त्याऐंशीला लुआ झाली, त्र्याण्णवला छप्पर गळलं, दोन हजार तीनला साथ होती, नऊला माझा गुडघा. प्रत्येक कारणाला पुरावा आहे. एकही सबब नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ६

तपासणी सुरू.

आपल्या दोन लाखांच्या नोटेच्या मागे हा लाँगचंच चित्र आहे हे लोक विसरतात. कारखान्यातलं जुनं भिंग काढलं आणि नोट खिडकीपाशी धरून बघितली. पाणी. पाण्यात खडक. एक खडक धुपाटण्यासारखा दिसतो म्हणे. मला तो खडकासारखा दिसला.

मुद्दा क्रमांक एक: जी जागा प्रत्येकाच्या खिशात आहे, ती बघायला अडीच तास बसमध्ये का बसायचं?

हा मुद्दा मिएनला समजावून सांगत असताना तिने माझ्या हातातून नोट घेतली आणि ती बाजारात गेली. मासे घेऊन आली. तपासणीचा एकमेव नमुना कालवणात गेला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

मुदत आज संपली. काम नीट करायचं म्हणून वाढवली.

लुआने बोटीचा छापील कार्यक्रम पाठवला होता. तो वाचून रक्तदाब तपासला. वाढलेला निघाला.

दुपारी बोटीवर स्वागत, सरबत. मग एक गुहा. गुहेत लाल-हिरवे दिवे. जी गुहा व्हायला लाखो वर्षं लागली तिला लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई करणारा माणूस कोण, त्याचं नाव मला हवं आहे. संध्याकाळी स्वयंपाकाचा वर्ग: तांदळाच्या पापडात सारण भरून रोल कसे गुंडाळायचे ते पाहुण्यांना शिकवणार. माझी बायको हे रोल चाळीस वर्षं गुंडाळते आहे. तिने पैसे भरून, समुद्रात जाऊन, उंच टोपी घातलेल्या कुणा आचाऱ्याकडून ते शिकायचं? रात्री गळाने माकूळ मासे पकडणे. नाक्यावरच्या चहावाल्याचं म्हणणं, त्याचा मेहुणा तीन तास गळ टाकून बसला होता आणि त्याला सर्दी मिळाली. पहाटे डेकवर ताई ची, म्हणजे तो संथ चिनी व्यायाम. ताई ची मी रोज तळ्याकाठी फुकट करतो. (मंगळवार सोडून. थंडीतही नाही.)

मुद्दे नऊ झाले. रात्रीच्या जेवणाआधी सगळे मिएनला वाचून दाखवले. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, बोटीवर भांडी कोण घासतं? म्हटलं, बोटीवरची माणसं घासत असतील. 'हं,' म्हणाली. नंतर बराच वेळ काहीतरी गुणगुणत होती. तिला माझे मुद्दे नीट कळलेले दिसत नाहीत. उद्या परत सांगेन.

१ मार्च, शुक्रवार

साक्षीपुराव्याचा दिवस.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुयेनताई सकाळी टोपलीतून चिकट भात विकतात. विधवा बाई, तोंडाने फटकळ. त्या हा लाँगला तीनदा जाऊन आल्या आहेत. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो, वही उघडली. विचारलं, कसं आहे? म्हणाल्या, छान आहे. म्हटलं, छान म्हणजे काय, व्याख्या करा. म्हणाल्या, छान म्हणजे छान. विचारलं, एकूण किती खडक मोजले? माझ्या मागे स्कूटरवर बसलेली सात माणसं भातासाठी थांबली होती, त्यातल्या एकाने हॉर्न वाजवला. तुयेनताई म्हणाल्या, दोआनभाऊ, भात घ्यायला आलात की माझा जबाब घ्यायला? आणि बायकोला न्यायचं नसेल तर तिला तसं तोंडावर सांगा की. बिचाऱ्या खडकांना कशाला बदनाम करता?

साक्ष बाद. ही बाई टीव्हीवरच्या मालिकांनाही छान म्हणते.

३ मार्च, रविवार

बोट लागते की नाही, याची प्रत्यक्ष चाचणी. त्रुक बाख तळ्यावर हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या भाड्याने मिळतात. एक घेतली. एकटाच होतो. सगळीकडे कॉलेजातली जोडपी होती आणि ती मला हसत होती. तळ्याच्या मध्यावर जाऊन पायडल थांबवलं आणि होडी हलू दिली. वीस मिनिटं.

निष्कर्ष: मला बोट लागत नाही. जे झालं ते सकाळी खाल्लेल्या गोगलगायीच्या सूपामुळे झालं. हंस धुऊन द्यावा लागला.

घरी आल्यावर मिएनने आल्याचा चहा दिला. मग म्हणाली, मोठी बोट एवढी हलत नाही म्हणतात. तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

५ मार्च, मंगळवार

तिकीट कंपनीची तपासणी. पुढच्या रस्त्यावर थोआ नावाच्या बाईचं टूरचं दुकान आहे. दुकान कसलं, दीड टेबल, एक पंखा आणि भिंतभर बोटींचे फोटो. फोटोत आकाश निळं. मार्चमध्ये तिकडे निळं आकाश म्हणजे शुद्ध फसवणूक. मार्चमध्ये नुसती झिमझिम आणि धुकं.

मुद्दाम साडेसातला गेलो. पहिलं गिऱ्हाईक काही न घेता गेलं तर भवानी बिघडते, दिवस वाया जातो, असं इथले सगळे दुकानदार मानतात. मी अशा गोष्टी मानत नाही. पण त्यांचा उपयोग करून घेतो: पहिल्या गिऱ्हाइकाला कुणी हाकलत नाही. सकाळी त्यांची जीभ गोड असते, प्रश्नांना पूर्ण उत्तरं मिळतात.

एक्केचाळीस प्रश्न विचारले. बोट किती वर्षं जुनी. लाइफ जॅकेटच्या शिवणीत किती टाके. धुकं पडलं तर पैसे परत का. धुकं पडलं नाही, पण खडक बघून निराशा झाली तर पैसे परत का. थोआ आधी मला काका म्हणत होती. पंचविसाव्या प्रश्नानंतर काहीच म्हणेना. शेवटी, विचार करून सांगतो, म्हणून निघालो.

वळून बघितलं तर ती उंबऱ्यात कागद पेटवून दुकानभर ओवाळत होती. अवलक्षणी गिऱ्हाईक येऊन गेलं की त्याची बाधा काढायला असं करतात. माझ्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असणार. अर्थात दुकान माझ्यासमोरच उघडलं होतं.

८ मार्च, शुक्रवार, महिला दिन

गुलाब आज दुप्पट भावाने. संपूर्ण शहरातले पुरुष हातात फुलं घेऊन गाढवासारखे फिरत होते. मी मिएनसाठी कार्नेशन घेतलं. एकच. कार्नेशन जास्त टिकतं.

लुआ आणि जावई जेवायला आले. नवरे आज दोन शब्द बोलतात, तशी आमच्याकडे पद्धत आहे. मी उठून उभा राहिलो आणि हा लाँगविषयीचा अहवाल वाचला. मुद्दे आता तेवीस आहेत. वाचायला अठ्ठावीस मिनिटं लागली. जावयाने मध्येच टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं संपलं.

मिएन पपनस सोलत होती. सगळ्या फोडी सोलून झाल्यावर तिने विचारलं, मग जायचं की नाही? म्हटलं, त्याचा निकाल रविवारी. लुआने आईकडे बघितलं, आईने पपनसाकडे.

मग लुआ मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, बाबा, आई त्रेसष्ट वर्षांची झाली. तिने समुद्र एकदाही बघितलेला नाही. म्हटलं, मग तर तिची पहिली वेळ वाया जाऊ नये ही जबाबदारी माझ्यावर दुप्पट येते.

लुआ पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेली. म्हणजे पटलं असावं.

१० मार्च, रविवार

आज चांद्र महिन्याची प्रतिपदा. सगळी दुकानं पहाटे फुलं-फळं मांडून पूजा करतात. प्रतिपदेची भवानी म्हणजे अख्ख्या महिन्याचं भविष्य. थोआला आज मला 'नाही' म्हणता येणार नाही, हे माझं गणित. सात वाजता हजर. टेबलावरची उदबत्ती अजून जळत होती. मला बघून तिचा चेहरा उतरला, पण हात जोडून बसा म्हणाली.

तिने किंमत सांगितली. मी निम्मी सांगितली. तिने छताकडे बघितलं, पूजेतल्या केळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, घ्या काका. निम्म्यात घ्या. पण आज घ्याच. मी तुमच्या पाया पडते.

हे अनपेक्षित होतं. सौदा इतका चटकन होत असेल तर मालात खोट आहे, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. म्हणून म्हटलं, घरी विचार करतो.

आज तिने कागद नाही, अख्खं वर्तमानपत्र पेटवलं. ते घेऊन रस्त्यावर माझ्या मागे दहा पावलं आली आणि मोठ्याने काहीतरी म्हणाली. त्यातलं 'पांढऱ्या पायाचा' एवढं ऐकू आलं, बाकीचं स्कूटरच्या आवाजात गेलं. रस्त्यावरच्या लोकांनी मला वाट करून दिली. मान ठेवतात.

निकाल आज द्यायचा होता. राखून ठेवला.

१२ मार्च, मंगळवार

घरी पाहुणी. थोआ! हातात आंब्याची पिशवी. मला वाटलं माफी मागायला आली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मिएनसमोर जाऊन बसली आणि डोळ्याला पदर लावल्यागत रुमाल लावून सांगू लागली. रविवारपासून एक तिकीट खपलं नाही. फोन वाजत नाही. दोन गिऱ्हाइकं दारापर्यंत येऊन परत फिरली. मावशी, तुमचा पायगुण सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. तुमच्याच माणसाने माझं दुकान बसवलं, आता तुम्हीच उठवा.

मिएनच्या पायगुणाचं हे खूळ जुनं आहे. गल्लीत नवं दुकान निघालं की पहिली खरेदी करायला तिला बोलावतात. ती जाऊन दोन सुया घेते, आणि म्हणे दुकान चालतं. योगायोग. मी याचं मोजमाप कधी केलेलं नाही, पण योगायोगच.

मिएनने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, उद्या सातला येते. मी म्हटलं, अगं, निकाल अजून माझ्याकडे... ती म्हणाली, असू दे तुमच्याकडे. नीट ठेवा.

१३ मार्च, बुधवार, सकाळी ९

मिएन सात वाजता गेली, सव्वासातला परत आली. लुआने दिलेल्या पैशांत दोघांची तिकिटं काढली. निम्म्या भावात. शनिवार, सोळा तारीख. तिच्या मागोमाग, म्हणे, अकरा जणांचं एक कुटुंब दुकानात शिरलं आणि सगळ्यांची तिकिटं काढून गेलं. थोआने मिएनला आंब्याची आणखी एक पिशवी दिली.

भाव कुणी पाडला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

दुपारी १

कॅलेंडर बघितलं. शनिवार म्हणजे चांद्र सप्तमी! सप्तमीला निघू नये, तृतीयेला परतू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी विज्ञान मानणारा माणूस आहे, पण खोल पाण्यावर जाताना विज्ञानाला कशाला त्रास द्यायचा? मिएनला म्हटलं, तारीख बदल. ती म्हणाली, या भावातल्या तिकिटाची तारीख बदलून मिळत नाही. म्हटलं, मग मी सप्तमीला येणार नाही. हा माझा निकाल. अंतिम.

तिने दोनदा विचारलं, नक्की? मी दोनदा म्हटलं, नक्की. ती 'बरं' म्हणाली आणि छत्री घेऊन बाहेर गेली.

आता तारीख बदलेल. ती माझ्याशिवाय जाणार नाही. चाळीस वर्षांत दात काढायलासुद्धा एकटी गेलेली नाही. (दवाखान्यात मी दाढांचा हिशोब ठेवला म्हणूनच बरोबर दाढ निघाली.)

१५ मार्च, शुक्रवार

तारीख बदलल्याचं कानावर आलेलं नाही. मिएन बॅग भरते आहे. एकच बॅग. स्वेटर, औषधं, नवी चप्पल. चप्पल उलटी करून तळवा तपासला. आमच्या कारखान्याची नाही, पण बरी आहे.

ती माझ्याकडे काही मागत नाही, आग्रह करत नाही. हे तिचं डावपेचाचं मौन. मी ते ओळखतो. तिची इच्छा आहे की मी शेवटच्या क्षणी माघार घ्यावी. तर ठीक आहे. आपण मोठ्या मनाचे आहोत. उद्याचा बेत असा: सकाळी सातला बस गल्लीच्या तोंडाशी येणार. पावणेसातला मी तयार होऊन खोलीबाहेर यायचं. डोक्यावर टोपी, हातात छोटी बॅग. काही बोलायचं नाही. ती रडेल बहुतेक. मग म्हणायचं, चल, बघून टाकू एकदाचं.

टोपीला इस्त्री केली. तिच्या नकळत. बॅगेत भिंग, वही, आल्याच्या गोळ्या.

१६ मार्च, शनिवार, सकाळी ८

पावणेसातला बाहेर आलो. टोपी घालून, बॅग घेऊन.

बाहेरच्या खोलीत माझ्या खुर्चीत तुयेनताई बसल्या होत्या. नवीकोरी हॅट, ओठांना लाल रंग, मांडीवर भाताची पुडकी. मी विचारलं, आज भात विकायला नाही गेलात? म्हणाल्या, आज भात खायला चाललेय, समुद्रावर. मी मिएनकडे बघितलं. मिएन बॅगेची चेन लावत होती. ती म्हणाली, अहो, तुम्ही बुधवारी अंतिम म्हणालात ना? मी लगेच थोआकडे जाऊन तुमच्या जागी यांचं नाव घातलं. तुम्ही निकाल दिलात की तो कधी बदलत नाही, हे मी तिला छातीठोक सांगितलं.

चाळीस वर्षं मी तिच्या तोंडून याच शब्दांची वाट बघत होतो.

मग तिने माझी टोपी बघितली. बॅग बघितली. तिचा चेन लावणारा हात थांबला. विचारलं, तुम्ही कुठे निघालात? म्हटलं, वर्तमानपत्र आणायला. तुयेनताई म्हणाल्या, बॅग घेऊन? म्हटलं, रविवारच्या पुरवण्या. म्हणाल्या, आज शनिवार.

बसचा हॉर्न वाजला. मिएन दारात एकदा वळली. म्हणाली, भात कुकरमध्ये आहे, कालवण खालच्या कप्प्यात, गॅस बंद करायला विसरू नका. मग दोघी छत्रीत शिरल्या. तुयेनताईंनी काहीतरी म्हटलं आणि मिएन मोठ्याने हसली. ती इतक्या मोठ्याने हसते हे माझ्या लक्षात नव्हतं.

वर्तमानपत्र आणलं. एकदा म्हटलं म्हणजे आणायला हवं.

दुपारी २

हवामानाची बातमी: उपसागरात दाट धुकं, झिमझिम पाऊस. दोन दिवस असंच राहणार. मुद्दा क्रमांक चार, धुक्याचा, तंतोतंत खरा! नाक्यावर चहाला जाऊन ही बातमी सगळ्यांना दिली. चहावाला म्हणाला, वहिनींना एकटं पाठवलंत? फार मोठ्या मनाचे तुम्ही. मी नाही म्हटलं नाही.

मिएनला दोनदा फोन केला, धुक्याचं सांगायला. बंद. लुआला केला. ती म्हणाली, बाबा, आईला धुकं दिसतच असेल.

१७ मार्च, रविवार, दुपार

घर शांत आहे. अशी शांतता मला आवडते असं मी नेहमी म्हणत आलो. कालवण गरम करताना करपलं. मुद्दे मोठ्याने वाचून बघितले, पण वाचायला मजा आली नाही. घरात ऐकणारं कुणी नव्हतं, त्यामुळे आवाज चुकीच्या ठिकाणी चढत होता.

संध्याकाळी पाचला बस येणार. चारपासून गल्लीच्या तोंडाशी उभा राहणार आहे. पाय मोकळे करायला.

१८ मार्च, सोमवार, सकाळी ७

काल सहाला आल्या. बस लेट. मिएनचे गाल लाल झाले होते आणि केसांना खारट वास येत होता. मी बॅग घेतली. घरी आल्याआल्या वही उघडली. तिने पलंगावर पाय पसरले आणि प्रत्येक मुद्द्याचं प्रामाणिक उत्तर दिलं. धुकं? दोन्ही दिवस. खडक? एक दिसला, पण तुयेनताई म्हणतात ती दुसरी बोट होती. गुहेतले दिवे? लाल, हिरवे, शिवाय जांभळे. रोल? आपल्यापेक्षा बेचव, पापड सुटत होता. माकूळ? एकही नाही. तेवीसच्या तेवीस मुद्दे बरोबर. माझ्या उभ्या नोकरीत इतकी निर्दोष तपासणी झाली नव्हती. वही मिटली आणि म्हटलं, म्हणजे बघण्यालायक नाही. ठरलं एकदाचं.

ती म्हणाली, मी पुढच्या महिन्यात परत चाललेय.

मला वाटलं थट्टा करते. विचारलं, अगं पण बघायला काहीच नव्हतं ना? म्हणाली, काहीच नव्हतं. एक वेताची खुर्ची होती. समोर सगळं पांढरं. कुणीतरी चहा आणून द्यायचं, कप घेऊन जायचं. तुयेनताईंना वाटलं की बोलायच्या, नाहीतर आपल्या गप्प. दोन दिवसांत कुणी मला काही समजावून सांगितलं नाही हो.

भांडणाच्या सुरात म्हणाली असती तर माझ्याकडे उत्तर होतं. पण ती मासळीचा भाव सांगावा तसं म्हणाली. मग कूस बदलून झोपली. दिवा मी मालवला. मला लागलं. इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार? फार लागलं.

आज सकाळी ती आरशासमोर केस विंचरत होती. मी मागे उभा राहिलो आणि निकाल दिला. म्हटलं, सर्व बाजूंनी विचार करता हा लाँग बघण्यालायक आहे. पुढच्या महिन्यात मीपण येतो. तोंडातून एक शब्द काढणार नाही.

ती विंचरायची थांबली. आरशातूनच माझ्याकडे बराच वेळ बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, बघते. विचार करून सांगते.

मी विचारलं, कधीपर्यंत?

म्हणाली, घाई आहे का?

नाही म्हटलं. घाई काही नाही.